जयराजचा ठोका

१

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मोहिद्दीन शिकलगाराला जेवायला फुरसत नसते. एरवी फलटण तालुक्यातल्या या रांजणवाडीत तो दारं, पलंग आणि देव्हारे करतो. त्याचे आजे-पणजे तलवारींना धार लावायचे. आता तलवारी राहिल्या नाहीत, म्हणून घराण्यानं लाकूड धरलं. पण हत्यारांशी नातं काही तुटलं नाही, कारण रांजणवाडी आहे फौजींचं गाव. ऊस आणि शिपाई, दोन्ही इथं भरघोस येतात.

इथला पोरगा भरती झाला की दोन गोष्टी लगोलग होतात. गावभर पेढे वाटले जातात, आणि शिकलगाराकडं त्याच्या नावाची लाकडी बंदूक करायला सांगितली जाते. पायदळात जाणाऱ्याला लांब रायफल. गाडी हाकणारा, बिनतारी यंत्रावर बसणारा किंवा तोफखान्यातला असेल, तर आखूड कारबाईन. खंडेनवमीला सकाळी भैरोबाच्या देवळापुढं फरसबंदीवर गावची रांग उभी राहते. निवृत्त झालेले आपापलं लाकूड घेऊन येतात, आणि जे नोकरीवर असतात त्यांचं लाकूड बाप किंवा भाऊ धरतो. सुभेदार नाथाजी ‘बाजू शस्त्र’ असा हुकूम सोडतात आणि साऱ्या लांब रायफलींचे दस्ते एकदम दगडावर येतात. ठोका एकच ऐकू आला पाहिजे. एक आला की सीमेवरच्या पोरांचं वर्ष सुखाचं जाणार, अशी गावाची समजूत आहे. कारबाईनवाले मागच्या ओळीत असतात. त्यांचं हत्यार छातीशीच राहतं, ते जमिनीला पोहोचत नाही. आखूड बंदुकीला ठोका नसतो.

हा एक ठोका मोडायची छाती फक्त एकानं केली होती, आणि तो होता सुभेदारांचा एकुलता एक पोरगा जयराज. सुट्टीवर असला की हटकून रांगेत यायचा. सगळ्यांचा ठोका पडून गेला, लोकांनी श्वास सोडला, की मग निवांतपणे याचा एकट्याचा ठक्क. पोरं खिदळायची. सुभेदार तिथल्या तिथं ओरडायचे, “आरं, तुजी गाडी चुकंल एक दिस!” आणि जयराज गालात जीभ घालून सरळ समोर बघत राहायचा. त्याची पोरगी तीन वर्षांची असताना तो उत्तरेला बर्फाच्या कड्याखाली गाडला गेला. सामानाची पेटी आली, माणूस सापडलं नाही.

तेव्हापासून त्याची लांब रायफल दर खंडेनवमीला रांगेतल्या त्याच्या जागी दगडाला टेकवून ठेवतात. ठोका दर वर्षी एकच पडतो, अगदी सुबक. ते सुबकपण सुभेदारांना सोसत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

२

या वर्षी गावात हत्तीवरून साखर वाटायची तेवढी राहिली होती. जयराजची ती तीन वर्षांची पोरगी, संयोगिता, आता फौजेत निवडली गेली होती. रांजणवाडीतली पहिली मुलगी. तिची आई वैजयंता अंगणवाडी चालवते. तिनं पोरांना खिचडीऐवजी शिरा घातला. मोहिद्दीनची बायको जीनत बिर्याणीचं पातेलं घेऊन स्वतः गेली आणि रिकामं पातेलं घेऊन नाचत आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं संयोगिता निघणार होती, पण त्याआधी खंडेनवमीला ती रांगेत उभी राहणार होती.

मोहिद्दीननं तिच्यासाठी बाभळीचा सरळ, गाठ नसलेला तुकडा बाजूला काढून ठेवला होता. तेवढ्यात सुभेदार आले, घोंगडीत काहीतरी गुंडाळून. त्यांनी ते सुताराच्या मेजावर ठेवलं आणि घोंगडी उलगडली. आत जयराजची रायफल होती. मोहिद्दीनचे वडील अजमल यांनी केलेली, तेल पाजून काळसर झालेली.

“ही काप,” सुभेदार म्हणाले. “कारबाईन कर हिची. पोरीसाठी.”

मोहिद्दीनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “आवं आबा, नवीन करतो की. लाकूड बी काढून ठिवलंय.”

“नवीन नगं. बापाचंच हत्यार, पर तिच्या मापात.”

“मापाचं म्हणाल तर पोरगी तुमच्या खांद्याला आलीय.”

सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आयुष्यभर दोन्ही हत्यारं हाताळलेला माणूस. त्यांनी ती मोहिद्दीनपुढं शाळेतल्या फळ्यावर काढावीत तशी मांडली. लांब रायफल लांबवर मारते, नेम धरून मारते, पण अंगावर जड, झाडीत अडते, गाडीतून उतरताना दाराला लागते. कारबाईन हलकी, वळायला सोपी, अरुंद जागेत कामाची, पण तिची गोळी फार लांब जात नाही. “म्हून ज्याला लांबवर जायचंय त्याला लांब देत्यात,” ते म्हणाले. “आन ज्यानं माघारी यावं, गाडीत, तंबूत ऱ्हावं, त्याला आखूड. माजी सारी नोकरी बघितलंय मी. लांबवाले म्होरं जात्यात, मोहिद्दीन. आखूडवाले घरी येत्यात.”

हे काही फौजेचं शास्त्र नव्हतं. ही एका बापाची भीती होती, आणि भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. पण पंच्याहत्तरीच्या माणसाला असं तोंडावर कोण सांगणार?

तेवढ्यात संयोगिता दारात उभी. घामेजलेली, पळण्याचा सराव करून आलेली. घोंगडीतली रायफल बघून तिनं सगळं ओळखलं.

“आबा, मला लांब पायजे. मी कारबाईनला नाव ठेवत न्हाई, पर ती घेऊन मागच्या वळीत उभं ऱ्हायचं म्हंजे ठोका न्हाई. माज्या पप्पांच्या जागंवर ठोका न्हाई व्हय?”

“तुज्या पप्पाच्या ठोक्यानं काय झालं ते बघितलंस न्हवं?”

ती मोहिद्दीनकडं वळली, “चाचा, तुमी सांगा की.”

मोहिद्दीन रंध्याच्या पात्याकडं बघत राहिला. मूग गिळून बसण्यात शिकलगारांचा हात कुणी धरणार नाही.

३

कापायला त्यानं दुपारची वेळ निवडली. जीनत शेजारी गेली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रायफल शिकंज्यात धरली, खूण केली आणि नळीवर करवत चालवली. जुनं लाकूड, तरी करवत लोण्यात गेल्यासारखी गेली. मग दस्ता आखूड केला, कडा गोल केल्या, कानस फिरवली. कापलेले दोन्ही तुकडे त्यानं भुशाच्या पोत्यात टाकले, पण जरा हळूच टाकले.

झालं काम तसं साधं होतं. भरतीच्या अकॅडमीसाठी केलेली एक कारबाईन भिंतीला लटकत होती. हिलाही तिच्या शेजारच्या खिळ्याला अडकवलं. दोन्ही अगदी एका मापाच्या, एक नवी गोरी, एक जुनी सावळी. त्याला बरं वाटलं. पलंगाचा पाय करायला त्यानं फळी उचलली आणि जमिनीवर उभी टेकवली. ठक.

आणि थोडं थांबून, निवांतपणे, मागच्या बाजूनं आणखी एकदा, ठक्क.

मोहिद्दीननं मागं वळून पाहिलं. भिंत, खिळे, दोन बंदुका. काही पडलं नव्हतं, काही हललं नव्हतं. प्रतिध्वनी असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. वीस वर्षं याच खोलीत फळ्या टेकवल्या, कधी प्रतिध्वनी आला नव्हता, ही गोष्ट त्यानं स्वतःला सांगितली नाही. त्यानं फळी पुन्हा टेकवली. ठक. तो कान देऊन उभा राहिला. काही नाही. हसू आलं त्याला आपलंच. तो फळी मेजावर आडवी ठेवणार, एवढ्यात मागून आलं, ठक्क.

पलंगाचा पाय त्या दिवशी तसाच राहिला.

४

दुकानाचं दार पूर्वेला आहे. सकाळी ऊन सरळ आत येतं आणि समोरच्या भिंतीवर पडतं. दुसऱ्या दिवशी चहाची बशी हातात धरून मोहिद्दीननं भिंतीकडं पाहिलं आणि चहा बशीतच राहिला.

अकॅडमीच्या कारबाईनची सावली तिच्याशेजारी पडली होती, तिच्याएवढीच आखूड. जयराजच्या लाकडाची सावली मात्र लांब होती. नळीकडून वीतभर वर गेलेली, आणि दस्त्याकडून खाली. भिंतीवर सरळसोट एक लांब रायफल उभी होती.

सकाळच्या सावल्या लांब असतातच, तो म्हणाला. पण त्या जमिनीवर. आणि एकाच भिंतीवर शेजारशेजारी लटकलेल्या दोन सारख्या वस्तूंपैकी एकीचीच लांब व्हावी असं ऊन कुठलं? त्यानं खिळे बदलले. नवी कारबाईन जुनीच्या जागी, जुनी नवीच्या. नवीची सावली आखूड राहिली. लांब सावली जुनीबरोबर गेली.

“जीनत,” त्यानं हाक मारली. “जरा हिकडं ये.”

जीनत पदराला हात पुसत आली. “काय ओ? बशीत माशी पडली का?”

“भिंतीवर बघ. काय दिसतंय?”

“दोन बंदुका आन जाळी. झाडत नाय तुमी, जाळी लागल्यात.” मग ती थांबली. मान तिरपी केली. जवळ गेली, हाताची सावली पाडून बघितली. तिचा हात आखूडचा आखूड. ती मागं सरली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “हे जयराजभावजींचं ना?”

“व्हय.”

“कापायला नको होतं तुमी.” आणि मग, मोहिद्दीनला कळेना कसं, पण जीनत हसली. “लय खोडीचा माणूस होता बघा. माज्या लग्नात यानं तुमची चप्पल पळवलेली.”

मोहिद्दीनलाही ते आठवलं. सासरच्या पोरींच्या आधीच जयराजनं जोडे लांबवले होते आणि दोन्ही बाजूंकडून पैसे मागितले होते. भीती तिथंच होती, भिंतीवर, पण आता तिच्यासोबत हसूही येऊन बसलं होतं आणि दोघांना एका खोलीत कसं राहू द्यावं ते त्याला कळेना.

५

तो सुभेदारांकडं गेला. ते अंगणात पितळी बिल्ले चिंचेनं घासत बसले होते.

“आबा, मी म्हंतो, पोरीला लांबच करू. लाकूड तयार हाय.”

“कापलीस का न्हाई?”

“कापली. पर...” सावली लांब पडते हे कुठल्या तोंडानं सांगायचं? “पर मन लागंना त्यात.”

“मन माजं बी लागंना,” सुभेदार म्हणाले. बिल्ला घासणारा अंगठा थांबला. “सोळा वर्सं ठोका एकच पडतोय. दर साली मी हुकूम देतो आन वाट बघत उभा ऱ्हातो, की आता उशिराचा पडंल, मंग पडंल. आता पोरीचा बी बघत बसू? त्यापरीस ठोकाच नगं. तिची बंदूक छातीला ऱ्हाऊ दे. जमिनीला लागायला नगं.”

मोहिद्दीन परत फिरला. दुकानाला कुलूप होतं, तो स्वतःच लावून गेला होता. किल्ली घालताना त्याला आतून पावलं ऐकू आली. बूट. एका जागी उभं राहून टाच जुळवावी तशी, मग मोकळी करावी तशी. कुणीतरी कंटाळून सराव करत असावं. त्यानं दार लोटलं.

आत कुणी नव्हतं. कालचा भुसा जमिनीवर सारखा पसरला होता, आणि त्या भुशात बंदुकीखाली दस्त्याच्या आकाराचे ठसे होते, एकाशेजारी एक, नीट. बंदूक खिळ्यालाच होती, जमिनीपासून हातभर वर. त्यानं ती उतरवून उलटी केली. त्यानं ताजी कापून गुळगुळीत केलेली दस्त्याची बाजू जमिनीवर घासल्यासारखी झिजली होती आणि तिला भुसा चिकटला होता. भुसा ओला होता. हात लावला तर बोटं गारठली. ऑक्टोबरच्या उन्हात, फलटण तालुक्यात, त्याच्या बोटांना बर्फ लागला होता.

बंदूक हातात घेऊन तो बराच वेळ उभा राहिला. पळावं असं वाटलं आणि पळवेना. शेवटी त्याला जे सुचलं ते त्यानं केलं. तो रिकाम्या खोलीला म्हणाला, “जयराज, गड्या, मी कापली खरी. पर तुज्या बाला तू समजावून सांग.”

६

खंडेनवमीची सकाळ लख्ख उगवली. घराघरांत अवजारांना झेंडू वाहिला होता. मोहिद्दीनच्या करवतीलाही जीनतनं माळ घातली होती. देवळापुढं हलगी कडाडत होती. आख्खं गाव फरसबंदीच्या कडेनं उभं, आणि बायकांच्या घोळक्यात वैजयंता पुढं. मोहिद्दीन हलगीवाल्यांच्या शेजारी.

रांग लागली. मागच्या ओळीत कारबाईनवाल्यांनी संयोगितेसाठी जागा ठेवली होती. पोरगी चालत आली, पांढरा शर्ट, कडक इस्त्री, हातात बापाचं कापलेलं लाकूड. ती मागच्या ओळीकडं गेली नाही. सरळ पुढच्या ओळीत गेली आणि त्या दगडाशेजारी, बापाच्या रिकाम्या जागेत, उभी राहिली. गावात कुजबूज झाली. सुभेदारांचा चेहरा दगडासारखा झाला, पण चारचौघांत नातीला मागं जा म्हणायची त्यांची छाती होईना.

“सावधान!”

टाचा जुळल्या.

“बाजूऽऽ शस्त्र!”

लांब रायफलींचे दस्ते एकदम दगडावर आले. ठोका पडला, एकच, खणखणीत. संयोगितेनंही हात खाली आणला, लांब रायफल असती तर आणला असता तसाच. तिची कारबाईन गुडघ्यापाशी हवेत थांबली, दगडापासून वर. लोकांनी श्वास सोडला. हलगीवाल्यानं टिपरी उचलली.

तेव्हा तो आला. निवांत, एकट्याचा.

ठक्क.

टिपरी हवेतच राहिली. कुणी हललं नाही. पोरीची बंदूक अजून अधांतरीच होती, सगळे बघत होते. मोहिद्दीननं मात्र खाली फरसबंदीकडं पाहिलं, कारण काय बघायचं ते त्याला ठाऊक होतं. उन्हात संयोगितेच्या सावलीशेजारी लांब रायफलीची सावली उभी होती, दस्ता जमिनीला टेकलेला. तिथं तिच्या दोन बुटांच्या सावल्या होत्या. आणि दस्त्याला लागून तिसऱ्या बुटाचं टोक. मोठ्या मापाचं. ते जरासं हललं, खोडकर पोराचं हलावं तसं, आणि मोहिद्दीननं डोळे मिटले. उघडले तेव्हा दोनच होते.

पहिला आवाज वैजयंताचा आला. सोळा वर्षांत गावानं तिला मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. तिनं तोंडावर पदर घेतला, पण हसू पदरात मावेना. “आले बघा,” ती म्हणाली. “उशिरा का व्हयना, आले.”

सुभेदार रांग मोडून चालत आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मिशा हसत होत्या. नातीपुढं उभे राहिले.

“ऐकलंस?”

“व्हय, आबा.” तिनं मनगट चोळलं. “आन... कुणीतरी मनगट धरलं हुतं माजं. आत्ता सोडलं. लय गार हात हुता.”

“भ्यालीस?”

“भ्याले. पर बरं बी वाटलं.”

सुभेदारांनी आपली स्वतःची लांब रायफल तिच्या हातात दिली आणि तिची कारबाईन काढून घेतली. मग वळून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “आता म्हातारा मी. मागच्या वळीत मी ऱ्हातो. ही म्होरं जाईल.” आणि छातीशी कारबाईन धरून, पंच्याहत्तरीचा सुभेदार मागच्या ओळीत ड्रायव्हर लोकांत जाऊन उभा राहिला. “हुकूम तूच दे गं!” तिथून ओरडला.

हलगीनं देऊळ डोक्यावर घेतलं.

७

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मोहिद्दीननं दुकान उघडलं. सुभेदारांनी कारबाईन त्याच्याच भिंतीला ठेवायला दिली होती. ऊन आत आलं तसं त्यानं पाहिलं. दोन कारबाईन, दोन सावल्या, दोन्ही आखूड. त्यानं फळी जमिनीवर टेकवली आणि वाट बघितली. ठक, आणि पुढं काही नाही. सुटलो बाबा, असं वाटायला हवं होतं. त्याला खोली उगाच मोठी वाटली.

फाट्यावर साताऱ्याची गाडी उभी होती. आख्खं गाव गोळा झालं होतं, जीनतनं दशम्यांचं गाठोडं दिलं, वैजयंतानं पोरीच्या कानामागं काजळ लावलं. लाकडी रायफल घरी भिंतीवर राहिली. फौजेत खरी मिळते. संयोगिता पाया पडून उठली, एका हातात बॅग, दुसरा हात हलवत, आणि गाडीच्या दाराकडं चालू लागली.

उगवतीचं ऊन आडवं होतं. सगळ्यांच्याच सावल्या रस्ताभर लांब पडल्या होत्या, त्यात नवल नाही. पण दोन्ही हात गुंतलेल्या पोरीच्या सावलीच्या खांद्यावर एक सरळ, लांब नळी होती, आणि त्या सावलीमागून दुसरी एक चालत होती, पाऊल जरा उशिरा टाकत.

मोहिद्दीननं सुभेदारांकडं पाहिलं. ते रस्त्याकडंच बघत होते.

“मोहिद्दीन, दिसतंय न्हवं तुला?”

“दिसतंय, आबा.”

“मग गप ऱ्हा,” ते म्हणाले आणि डोळे पुसत हसले. “एकटी न्हाई जात माजी पोर. हिला वाटंला लावून तरी येऊ दे त्याला.”

कंडक्टरनं घंटी दिली. संयोगिता चढली, दार लागलं. गाडी हलली, वळणापर्यंत गेली, आणि मग तिथं, कुणी हात केलेला नसताना, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. दार उघडलं, कुणी दिसलं नाही, दार लागलं. सुभेदार मोठ्यानं ओरडले, “आरं, चुकली असती की गाडी!”

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मंडळी चहाला निघाली.